गावाची लाडकी लेक नॅशव्हिलला निघते तेव्हा

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, आता बरीच वर्षं अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिलजवळच्या एका लहान गावात राहतात. लेक तिथंच जन्मली आणि वाढली. सतरा वर्षांची आहे, हायस्कूलचं शेवटचं वर्ष. गिटार वाजवते, कंट्री गाणी (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत) गाते, स्वतः लिहितेही. शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी राष्ट्रगीत तीच गाते. काउंटीच्या जत्रेत, वृद्धाश्रमात, अग्निशमन दलाच्या निधीसाठी, मराठी मंडळाच्या गणपतीत, बोलावतील तिथं जाते आणि एक डॉलर घेत नाही. मे महिन्यात शाळा संपली की कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरात जायचं, कॉलेज नको, असं तिनं जाहीर केलंय. नर्सिंगला प्रवेश मिळतोय तो घे, गाणं शनिवार-रविवारी कर, असं वडलांचं म्हणणं. बापलेकीचं बोलणं बंद आहे आणि निरोप आईमार्फत जातात. ताई लिहितात, "माझे वडील गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर पेटी वाजवायचे. वाहवा झाली, पदरात काही पडलं नाही. लेकही त्याच वाटेनं चाललीय असं वाटतं. शिवाय आपल्या रंगाच्या मुलीला त्या संगीतात कोण उभं करणार? तिला जाऊ द्यावं की थांबवावं?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. "जाऊ द्यावं की थांबवावं" हे ठरवणं फार दिवस तुमच्या हातात राहणार नाही. अठरा पूर्ण झाली की तुमची लेक कायद्यानं सज्ञान होते. नॉक्सव्हिलहून इंटरस्टेट ४० धरला की तीन तासांत नॅशव्हिल येतं, त्यासाठी कुणाची सही लागत नाही. ती भांडून जाते की बोलून, सोबत गाणी घेऊन जाते की नुसतीच गिटार घेऊन, आणि चार महिन्यांनी हिंमत खचली तर फोन कुणाला करते, हे मात्र अजून पुष्कळसं तुमच्या घरात ठरू शकतं. म्हणून मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

आधी फुकट गाण्याचं बघू. ते वाया गेलं असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुमच्या घरापासून गाडीनं तासाभरात सेव्हियर काउंटी लागते. तिथल्या डोंगरातल्या एका खोलीच्या घरात १९४६ साली कंट्रीची प्रसिद्ध गायिका डॉली पार्टन जन्मली, बारा भावंडांतली चौथी. डॉक्टरांना बाळंतपणाचे पैसे द्यायला नव्हते, म्हणून वडलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली. आजोबा धर्मोपदेशक, त्यामुळे गाणं चर्चमध्ये सुरू झालं. दहाव्या वर्षाच्या आसपास ती नॉक्सव्हिलच्या स्थानिक रेडिओ-टीव्हीवर गाऊ लागली आणि १९५९ मध्ये, तेरा वर्षांची असताना, नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली. तरी शिक्षण पूर्ण होईपर्यंत घरीच राहिली. १९६४ मध्ये शाळेच्या निरोप समारंभात प्रत्येकानं आपण पुढे काय करणार ते सांगायचं होतं. ही म्हणाली, मी नॅशव्हिलला जाऊन स्टार होणार, आणि सगळं सभागृह हसलं. ही आठवण तिनंच अनेकदा सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी ती बसनं निघाली.

ही गोष्ट सांगून "बघा, होतं की नाही" असं मला म्हणायचं नाही. डॉली एकच झाली. पण गावात आणि चर्चमध्ये गाऊन माणूस नेमकं काय शिकतो ते तुमच्या लेकीच्या बाबतीत नीट पाहा. अमेरिकेचं राष्ट्रगीत दीड सप्तकाचं आहे. साथीला वाद्य नाही, थंडीत घसा आखडलेला, समोर सगळं गाव उभं. पहिला सूर जरा जरी वर लागला तरी शेवटाकडची वरची जागा गळ्यात बसत नाही, आणि मधे थांबून पट्टी बदलायची सोय नसते. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याआधी शेवटचा सूर मनात धरून ठेवावा लागतो. जी मुलगी हे दर शुक्रवारी करते ती काहीतरी फार मोलाचं शिकतेय. वृद्धाश्रमातही तसंच. पुढच्या रांगेतल्या आजोबांना डुलकी लागलेली, कुणाचं श्रवणयंत्र कर्कश वाजतंय, एक आजी दोन गाण्यांच्या मधेच आपल्या लग्नातल्या नाचाची गोष्ट सांगू लागतात. तिथं गाणाऱ्याला आवाज खाली आणावा लागतो, शब्द स्वच्छ टाकावे लागतात, आजींची गोष्ट संपेपर्यंत गिटारवर हलकं काहीतरी वाजवत राहावं लागतं. कंट्री संगीताचा सगळा जीव शब्दांत आणि सांगण्यात आहे. त्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

लेकीनं धरून चाललेलं एक गृहीतक मात्र मला धोक्याचं वाटतं, आणि ते तुम्ही तिला प्रेमानं सांगायला हवं. गाव टाळ्या वाजवतं याचा अर्थ नॅशव्हिल वाजवेल असा नाही. गावातल्या टाळ्यांमध्ये तिचं लहानपण असतं, तिच्या दातांच्या तारा असतात, तुमच्या घरून गेलेले दिवाळीचे लाडू असतात. त्या प्रेमाच्या टाळ्या आहेत आणि खऱ्या आहेत. पण ते प्रेम वजा केल्यावर गाणं किती उरतं हे फक्त अनोळखी माणसं सांगू शकतात.

गार्थ ब्रुक्सचं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. पुढे अमेरिकेतल्या सर्वाधिक विक्रीच्या गायकांत गणला गेलेला हा माणूस १९८५ मध्ये ओक्लाहोमाहून नॅशव्हिलला आला आणि जेमतेम एका दिवसात परत फिरला. १९८७ मध्ये पुन्हा आला, बुटांच्या दुकानात काम केलं आणि १९८८ मध्ये ब्लूबर्ड कॅफेत गाताना एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं त्याला हेरलं. परत येणं हा त्याच्या वाटेचाच भाग होता. गायिका लेनी विल्सन लुइझियानातल्या बास्किन नावाच्या चिमुकल्या, शेतीवर जगणाऱ्या गावातली. शाळेत असताना ती मुलांच्या वाढदिवसांना आणि जत्रांना टीव्हीवरच्या हॅना मोंटाना या गायिकेच्या वेशात गायची. २०११ मध्ये नॅशव्हिलला आली आणि सुरुवातीला एका स्टुडिओच्या आवारात लावलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, राहिली. तिचं गाणं कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं ते २०२१ मध्ये. २०२३ मध्ये तिला कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च मान मिळाला. नॅशव्हिलला तिथले लोक 'दहा वर्षांचं गाव' म्हणतात ते उगाच नाही.

तुमच्या लेकीला एकदा शांतपणे विचारा: दहा वर्षं लागली तर? धमकावणीच्या सुरात विचारू नका, खरोखर उत्तर हवंय अशा सुरात विचारा. ती अठ्ठावीसची झालेली असेल. त्या दहा वर्षांत ती कुठं राहील, काय खाईल, आजारी पडली तर काय? या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे असतील तर तिचा हट्ट हा हट्ट उरत नाही, बेत होतो.

आता पैशांबद्दल, कारण तुमच्या यजमानांची काळजी तिथं आहे आणि ती रास्त आहे. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) पैसे मिळतात, गाणाऱ्याला मिळत नाहीत. ऐकून आश्चर्य वाटेल, पण तिथला कायदा असाच आहे. सीडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे लिहिणाऱ्यांच्या बाजूला २०२५ मध्ये १२.७ सेंट ठरलेले होते, आणि सहलेखक असतील तर त्यात वाटे. नॅशव्हिलमध्ये रिवाज असा की गाणं लिहिताना खोलीत जितकी माणसं, तितके समान वाटे, मग कुणी एकच ओळ सुचवलेली का असेना. म्हणून तिथं कुणी नवं भेटलं की गाता का याच्याइतकंच लिहिता का हेही विचारतात. तुमची लेक लिहिते, ही तिच्या जमेची सर्वात मोठी बाजू आहे आणि तुमच्या पत्रात ती फक्त अर्ध्या वाक्यात आली आहे.

डॉलीलाही पहिलं मोठं यश लिहिण्यानंच दिलं. तिच्या रेकॉर्ड कंपनीला तिचा आवाज कंट्रीसाठी योग्य वाटत नव्हता, ते तिला पॉप गायला लावत होते. १९६६ मध्ये तिनं आणि तिचा मामा बिल ओवेन्स यानं लिहिलेलं गाणं बिल फिलिप्सनं गायलं, ते पहिल्या दहांत गेलं, आणि मग कंपनीनं तिला कंट्री गाऊ दिलं. पुढे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १९७४ मध्ये गाजलं तेव्हा एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याची अट होती की प्रकाशनाचे अर्धे हक्क द्यायचे. डॉलीनं नाही म्हटलं. त्या रात्री ती रडली, असं तीच सांगते. एल्विसनं ते गाणं रेकॉर्ड केलं नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं आणि जगभर गेलं, तेव्हा त्याचे हक्क पूर्णपणे डॉलीकडे होते. तुमच्या लेकीला ही गोष्ट बहुधा पाठ असेल, टेनेसीतल्या मुलीला असतेच. तरी तिच्यासोबत बसून या गोष्टीतला कागद कोणता, सही कुठं आणि काय नाकारलं, हे एकदा नीट बोला.

म्हणून कुठलाही करार पुढे आला तर संगीत क्षेत्रातलं काम करणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. समोरच्या कंपनीनं सुचवलेला वकील चालणार नाही, आपला हवा. जो माणूस "तुमच्या मुलीचं गाणं हिट करतो, आधी इतके डॉलर भरा" म्हणेल त्याला दारातूनच परत पाठवा. खरा प्रकाशक गाणं घेतो तेव्हा लेखकाकडून पैसे मागत नाही. कुणासोबत गाणं लिहिलं तर त्याच दिवशी कोणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या, मग ती जिवलग मैत्रीण का असेना. हे सगळं नॅशव्हिलला जाण्याआधी तुमच्या गावातच सुरू करता येतं.

रंगाबद्दल तुम्ही विचारलंय. इथं मी तुम्हाला गोड बोलून गप्प करणार नाही. कंट्री गायक चार्ली प्राइड हा मिसिसिपीतल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब कृष्णवर्णी घरातला. आधी बेसबॉलपटू, मग मॉन्टानातल्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात मजूर. कारखान्याच्या संघात तो खेळायचा, आणि सामन्याआधी गाण्याचे त्याला वेगळे पैसे मिळायचे. १९६६ मध्ये त्याची पहिली तबकडी आली तेव्हा कंपनीनं रेडिओ केंद्रांना त्याचा फोटो पाठवलाच नाही. लोकांना आधी आवाज आवडावा, रंग नंतर कळावा, हा हेतू. १९७१ मध्ये तोच माणूस 'एंटरटेनर ऑफ द इयर' झाला. पण त्याच्यानंतर कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पुन्हा एखादा कृष्णवर्णी एकल गायक यायला २००८ उजाडावं लागलं, डॅरियस रकर. बायकांचंही तसंच. २०१५ मध्ये रेडिओच्या एका सल्लागारानं उघड सांगितलं होतं की गायिकांची गाणी कमी आणि अंतर ठेवून वाजवावीत. त्यावर मोठा गदारोळ झाला, पण रेडिओवर बायकांचा वाटा आजही कमीच आहे. तुमच्या लेकीला ही दोन्ही दारं जड लागणार, हे तिला ठाऊक असलेलं बरं.

पण ताई, "त्या संगीतात" या तुमच्या शब्दाशी मी थोडी अडखळले. ते संगीत तुमच्यासाठी "ते" आहे. तुमच्या लेकीसाठी नाही. स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी ती वाढली, त्या शाळेच्या बसमध्ये, त्या जत्रांमध्ये, त्या बोलीत. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून आलं, आणि ग्रँड ओल ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या लाडक्या कलाकारांत डिफोर्ड बेली हा कृष्णवर्णी माउथऑर्गनवादक होता. हे संगीत कधीच एका रंगाचं नव्हतं, विकताना तसं दाखवलं गेलं. तुमची मुलगी तिथं पाहुणी म्हणून जात नाहीये. आणि तिची गाणी कशाची असणार? आईचं गाव सातारा, बापाचं घर टेनेसीत, गणपतीची आरती झाल्यावर त्याच संध्याकाळी फुटबॉलचं मैदान. हे सगळं ज्या मुलीनं जगलंय तिच्यासारखं गाणं दुसरं कुणी लिहू शकत नाही. तिनं ते आत्तापर्यंत लिहिलंय का? की ट्रक, नदी आणि तुटलेलं प्रेम यांवरच लिहितेय, कारण इतर सगळे त्यावर लिहितात? तिला विचारून पाहा. मला या उत्तराची फार उत्सुकता आहे.

आता नर्सिंग. तुमच्या घरात ते गाण्याच्या विरुद्ध पक्षात बसवलं गेलंय आणि मला ते पटत नाही. गायिका नेओमी जड ही केंटकीतली एकटी आई, नॅशव्हिलजवळ नर्सचं काम करायची आणि घरी आपल्या मुलीसोबत, वायनोनासोबत, गायची. गाण्यांच्या एका निर्मात्याची मुलगी रुग्ण म्हणून तिच्या देखरेखीखाली होती. ओळख झाली, नेओमीनं त्या निर्मात्याच्या हातात घरी केलेली टेप दिली. त्यातून १९८३ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसमोर गाण्याची संधी मिळाली आणि १९८४ मध्ये या मायलेकींचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. हा योग पुन्हा येईल असं नाही. पण रुग्णालयातल्या पुष्कळ नर्स आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या करतात आणि चार दिवस मोकळे राहतात. नॅशव्हिलमध्ये रुग्णालयं भरपूर आहेत. दहा वर्षं टिकायचं असेल तर यापेक्षा वाईट बेत लोकांनी केले आहेत. उलट ज्यांना वाटतं की डाउनटाउनच्या ब्रॉडवेवरच्या बारमध्ये गाऊन पोट भरेल त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात: तिथं बहुतेक कमाई लोक टाकतील त्या टिपांची असते आणि लोकांना ओळखीची जुनी गाणी हवी असतात. शिवाय संध्याकाळनंतर अनेक ठिकाणी एकवीस वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. अठराव्या वर्षी तो रस्ता तिच्यासाठी जवळपास बंदच आहे.

मधला रस्ता आहे आणि तो तुमच्याच राज्यात आहे. नॅशव्हिलपासून तासाभराच्या आत मर्फ्रीझबरो इथं मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथं रेकॉर्डिंग उद्योगाचा मोठा विभाग आहे, गीतलेखन शिकवतात, आणि नर्सिंगचंही शिक्षण आहे. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे राज्यातल्या मुलांना फी कमी. नॅशव्हिलमध्येच बेलमाँट युनिव्हर्सिटी संगीतासाठी नावाजलेली, पण ती खासगी आहे आणि खर्च फार, कर्ज काढून तिथं जाण्याआधी दहादा विचार करा. 'टेनेसी प्रॉमिस' योजनेत शाळा संपल्यावर लगेच कम्युनिटी कॉलेजला गेलं तर दोन वर्षांची फी लागत नाही. नॅशव्हिलमध्येही असं कॉलेज आहे. त्याचा अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या शरद ऋतूतच भरावा लागतो, लेकीनं भरलाय का ते विचारा. या योजनेत प्रत्येक सत्राआधी आठ तास समाजसेवा करण्याची अट आहे. तुमच्या लेकीला ही अट जड जाईल असं वाटत नाही. आणि राज्याची 'होप' शिष्यवृत्ती शाळा संपल्यापासून सोळा महिन्यांच्या आत कॉलेज सुरू केलं तरी मिळू शकते. याचा अर्थ एक वर्ष थांबायचं ठरवलं तरी ते दार लगेच बंद होत नाही. शाळेतल्या समुपदेशकाला दोघींनी मिळून भेटा आणि या सगळ्या तारखा एका कागदावर मांडून घ्या.

मेच्या आधी एक गोष्ट कराच. तिला नॅशव्हिलला न्या, आणि शक्य असेल तर गाडी तिच्या वडलांनी चालवावी. ब्लूबर्ड कॅफे ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे, जेमतेम नव्वद माणसं मावतील एवढी जागा. १९८२ पासून चाललंय. चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, आळीपाळीनं आपलं गाणं गातात, ते कशावरून सुचलं ते सांगतात, आणि प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा दंडक आहे. सोमवारी तिथं ओपन माइक असतो, नवख्यांना आपलं गाणं गाता येतं. नाव आधी नोंदवावं लागतं. तिथं तिला कुणी ओळखणार नाही, आणि तिच्यासारखीच, काही तिच्याहून चांगली लिहिणारी मुलं-मुली रांगेत असतील. त्या रात्री परत येताना गाडीत ती काय बोलते ते नीट ऐका. "मला पुन्हा जायचंय, माझ्या दुसऱ्या कडव्यात गडबड आहे" असं म्हणाली तर तुमच्या यजमानांनाही कळेल की ही मुलगी कशासाठी निघाली आहे. "त्यांनी मला नीट वागवलं नाही" एवढंच म्हणाली तर अजून एक वर्ष घरी काढलेलं बरं. नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल ही गीतकारांची संस्था १९६७ पासून आहे, तिच्या शाखा देशभर आहेत. तुमच्या जवळच्या शाखेची चौकशी करा. लिहिलेल्या गाण्यावर स्पष्ट, कोरडं मत तिथं मिळतं, आणि गावात ते मिळणं अवघड असतं.

फुकट गाण्याचा मुद्दा राहिला. तिनं गावासाठी गाणं थांबवू नये, पण कुणासाठी गातोय हे पाहावं. वृद्धाश्रम, अग्निशमन दल, शेजाऱ्याचं घर जळलं म्हणून जमवलेला निधी, इथं पैसे घ्यायचे नाहीत. पण मोटारींच्या शोरूमनं सेलच्या दिवशी गिऱ्हाइकं जमवायला बोलावलं, किंवा एखाद्या उपाहारगृहाला शनिवारी गर्दी हवी आहे, तिथं "तुझ्याच फायद्याचं आहे, नाव होईल" या बोलण्यावर जायचं नाही. आकडा सांगायचा. आपल्या मराठी मंडळांनाही मला हे मनापासून सांगायचंय: मुंबईहून येणाऱ्या कलाकाराला विमानाचं तिकीट, हॉटेल आणि मानधन देता, तर आपल्याच गावातल्या मुलीच्या हातात निदान पाकीट तरी ठेवा.

सेव्हियर काउंटीनं डॉलीला जे दिलं ते तिनं फार वेगळ्या रीतीनं परत केलं. १९८८ मध्ये तिनं आपलं प्रतिष्ठान सुरू केलं. काउंटीतल्या शाळांमधली गळती तेव्हा फार होती, म्हणून सातवी-आठवीच्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं की दोघांनी शिक्षण पूर्ण केलं तर प्रत्येकाला पाचशे डॉलर देईन. १९९५ मध्ये लहान मुलांना दर महिन्याला घरपोच पुस्तक देण्याची योजना त्याच काउंटीत सुरू झाली. तिच्या वडलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यातून ही कल्पना आली. २०१६ मध्ये गॅटलिनबर्गला वणवा लागला तेव्हा घरं गमावलेल्या कुटुंबांना तिच्या निधीतून सहा महिने दरमहा निदान हजार डॉलर मिळाले. आणि सेव्हियरव्हिलच्या न्यायालयासमोर तिचा पुतळा उभा राहिला तेव्हा तिचे वडील रात्री ट्रकमधून साबणाच्या पाण्याचं पिंप नेऊन त्यावरची कबुतरांची घाण घासून काढायचे, असं ती सांगते. हे तुम्ही तुमच्या यजमानांना जरूर सांगा. बापानं मुलीच्या गाण्याला दिलेली साथ अशीही असते. त्यांना कंट्री संगीत कळायला हवं असं काही नाही.

तुमच्या वडलांच्या पेटीबद्दल मला एकच विचारायचं आहे. "पदरात काही पडलं नाही" हे त्यांचं वाक्य आहे की घरातल्या इतरांचं? ते स्वतः कधी तसं म्हणाले होते का? आयुष्यभर दर एकादशीला माणूस पेटी घेऊन बसतो तो कशासाठी, हे तुम्ही त्यांच्या लेक म्हणून जास्त जाणता. घरातली ओढाताण खरी असेल, आईनं काढलेले कष्ट खरे असतील, आणि त्याचा राग तुमच्यात उरला असेल तर तो अगदी समजण्यासारखा आहे. पण तो हिशेब तुमचा आणि तुमच्या वडलांचा आहे. लेकीच्या वहीत तो मांडू नका. तिला आजोबांची पेटी माहीत आहे का? नसेल तर सांगा, वाहवाही सांगा आणि घरातली ओढाताणही सांगा. त्यावर ती जे लिहील ते लिहील.

आणि आजपासून निरोप पोचवणं बंद करा. "बाबांना सांग" म्हणाली की "ते बाहेरच्या खोलीत आहेत, जाऊन सांग" एवढंच म्हणा. यजमान "तिला समजाव" म्हणाले तरी हेच. दोघं पहिल्यांदा भांडतील, भांडू द्या. मग तिघं बसा आणि नॅशव्हिलच्या पहिल्या वर्षासाठी तीन गोष्टी लिहून काढा: दरमहा घरून किती पैसे आणि कधीपर्यंत, आरोग्यविमा कुणाचा (सव्वीस वर्षांपर्यंत ती पालकांच्या विम्यात राहू शकते, ही मोठी सोय आहे), आणि पुन्हा एकत्र बसून विचार करायची तारीख. त्या तारखेला "किती यश मिळालं" हे विचारायचं नाही. किती गाणी पूर्ण झाली, किती जणांसोबत लिहिलं, कितीदा अनोळखी लोकांसमोर गायली, तब्येत कशी आहे, हे विचारायचं.

नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत कधी संपते ते मात्र आजच बघून ठेवा. काही महाविद्यालयं प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात. लेकीनं स्वतः ईमेल लिहून विचारावं.